पेटंट न घेता जगाला स्क्रीन देऊन गेलेला मास्तर: फर्डिनांड ब्राऊन

बुलढाणा असो, खामगाव असो की मलकापूर, गेमिंगसाठी मॉनिटर घ्यायचा म्हटलं की पोरं आधी दोन आकडे बघतात. किती हर्ट्झचा आणि किती मिलिसेकंदाचा. घरचे विचारतात की भिंतीवर चांगला टीव्ही असताना हा नवा खर्च कशाला. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन मास्तरांची गोष्ट माहीत असावी लागते.

कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांचा जन्म ६ जून १८५० रोजी जर्मनीतल्या फुल्डा गावचा. मारबुर्ग आणि बर्लिनमध्ये शिक्षण झालं, १८७२ मध्ये डॉक्टरेट मिळाली. पण मोठ्या विद्यापीठात लगेच जागा मिळते कुठे? गडी लाइपझिगच्या शाळेत शिक्षक म्हणून लागला. मुलांसाठी गणित आणि विज्ञानाचं एक पुस्तकही लिहिलं.

तिथेच १८७४ मध्ये त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. काही धातूंच्या सल्फाइडचे खडे वीज एका दिशेने सहज जाऊ देतात, उलट दिशेने अडवतात. त्या वेळी त्याचा उपयोग कुणालाच सुचला नाही. पुढे आपल्या जगदीशचंद्र बोसांनी गॅलेनाच्या खड्यावर रेडिओलहरी पकडून दाखवल्या आणि १९०४ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट त्यांना मिळालं. आजच्या डायोडची मुळं इथवर जातात.

नंतर मारबुर्ग, स्ट्रासबुर्ग, कार्ल्सरूह, ट्युबिंगन अशा नोकऱ्या करत ब्राऊन १८९५ मध्ये पुन्हा स्ट्रासबुर्गला आले, ते भौतिकशास्त्र संस्थेचे प्रमुख म्हणून.

आता मुख्य भानगड. तेव्हा शहरांमध्ये एसी करंट यायला लागला होता. हा करंट सेकंदाला अनेक वेळा उलटसुलट होतो, पण तो नेमका कसा हलतो हे बघायचं कसं? काटा असलेलं मीटर उपयोगाचं नाही. काट्याला वजन असतं. तो हलेपर्यंत करंट पुढे गेलेला असतो.

ब्राऊननी काट्याच्या जागी किरण वापरला. हवा काढून घेतलेली काचेची नळी, एका टोकाला कॅथोड, मध्ये बारीक भोक असलेला पडदा आणि दुसऱ्या टोकाला चमकणारा लेप दिलेला अभ्रकाचा तुकडा. किरण लेपावर आपटला की प्रकाशाचा ठिपका दिसायचा. नळीजवळच्या कॉइलमधून करंट सोडला की ठिपका वरखाली नाचायचा. किरणाला वजन जवळपास नाहीच, त्यामुळे करंट हलला की ठिपका त्याच क्षणी हलणार. फेब्रुवारी १८९७ मध्ये त्यांनी हे छापलं. हा किरण इलेक्ट्रॉनचा असतो हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं. जे. जे. थॉमसन यांनी आपला शोध मांडला तो त्यानंतर, त्याच वर्षी.

पेटंट? घेतलंच नाही. ज्याला हवं त्याने नळी बनवावी, वापरावी. सुरुवातीला ठिपका फक्त वरखाली जायचा, आडवी रेघ बघायला फिरता आरसा लावावा लागे. त्यांचे सहायक योनाथान झेनेक यांनी दोनेक वर्षांत ठिपका आडवाही चालवून दाखवला. टीव्हीच्या पडद्याचा सांगाडा इथे तयार झाला, पण स्वतः ब्राऊन त्यात अडकले नाहीत. त्यांचं लक्ष बिनतारी संदेशांकडे वळलं होतं. ठिणगीचं सर्किट अँटेनापासून वेगळं काढून त्यांनी संदेश दूरवर आणि स्वच्छ पाठवता येतील अशी सोय केली. या कामासाठी १९०९ चं नोबेल मिळालं, तेही मार्कोनीबरोबर विभागून. म्हणजे नळीसाठी नोबेल मिळालंच नाही.

शेवट मात्र वाईट झाला. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या सेविल इथल्या जर्मन बिनतारी केंद्राविरुद्ध मार्कोनी कंपनीने पेटंटचा दावा लावला. साक्ष द्यायला ब्राऊन १९१४ च्या अखेरीस न्यूयॉर्कला गेले. सोबत झेनेकही होते. समुद्रावर ब्रिटिशांचा पहारा, परतायची वाट बंद. १९१७ मध्ये अमेरिकाच युद्धात उतरली आणि नोबेलविजेते प्रोफेसर शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. ब्रुकलिनमध्ये २० एप्रिल १९१८ रोजी ते गेले. युद्ध संपायला अजून जवळपास सात महिने होते. अस्थी १९२१ मध्ये फुल्डाला पोचल्या.

गंमत बघा, त्याच लाँग आयलंडवर, ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत १९५८ मध्ये विल्यम हिगिनबॉथम यांनी टेनिसचा खेळ बनवला. पहिल्या व्हिडिओ गेम्समध्ये त्याचं नाव येतं. पडदा होता ऑसिलोस्कोपचा, म्हणजे ब्राऊनच्याच नळीचा.

आपल्याकडच्या जुन्या डबा टीव्हीतही तीच नळी. कॅसेटवाल्या गेमसोबत बदकं मारायची बंदूक यायची, आठवते? ट्रिगर दाबला की क्षणभर पडदा काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा आणि बंदुकीतला सेन्सर तो प्रकाश टिपायचा. आजच्या एलसीडीवर ती बंदूक चालत नाही, कारण चित्र काही मिलिसेकंद उशिरा येतं.

खोक्यावरच्या आकड्यांचा झगडा हाच. ६० हर्ट्झवर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १४४ वर साधारण ७ मिलिसेकंदांनी. एलसीडीतले रेणू वळायला वेळ घेतात, म्हणून पळत्या गाडीमागे धूसर शेपूट दिसतं. रिस्पॉन्स टाइम म्हणजे तो वळण्याचा वेळ. खोक्यावरचा १ मिलिसेकंद सहसा सगळ्यात अनुकूल सेटिंगवर मोजलेला असतो. बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर, म्हणजे इनपुट लॅग, ही तिसरीच गोष्ट. ती खोक्यावर बहुधा नसते, रिव्ह्यूमध्ये शोधावी लागते. घरच्या टीव्हीवर आधी गेम मोड चालू करून बघा, बराच फरक पडतो. आणि ग्राफिक्स कार्ड सेकंदाला ६० च चित्रं काढत असेल तर १४४ हर्ट्झसाठी जास्तीचे पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही.

जुन्या स्मॅश ब्रदर्स मेलीसारख्या गेमचे स्पर्धक आजही नळीवाले डबे शोधत फिरतात. आपल्याकडे ते कधीच भंगारवाल्याच्या गाडीवर गेले.