कार्ल आउअर

कार्ल आउअर यांचा जन्म १ सप्टेंबर १८५८ रोजी ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना शहरात झाला. वडील सरकारी छापखान्याचे प्रमुख होते. ते १८६९ साली वारले. तेव्हा कार्ल दहा वर्षांचे होते, म्हणजे माझ्याएवढेच.

पुढे ते जर्मनीत बुन्सेन या शास्त्रज्ञांकडे शिकले. तिथे त्यांना दुर्मिळ मृदा धातूंचा नाद लागला.

तेव्हा शहरात गॅसचे दिवे असत, पण उजेड मिणमिणता. १८८५ साली कार्ल यांनी या धातूंच्या क्षारांच्या पाण्यात सुती जाळी भिजवली, वाळवली आणि ज्योतीवर धरली. सूत जळून गेले. राखेची जाळी मात्र तशीच राहिली आणि लख्ख चमकू लागली! पण उजेड हिरवट पडायचा, जाळीही पटकन मोडायची. लोक घेईनात. १८८९ साली धंदा बंद पडला. दुसरा कोणी असता तर गप घरी बसला असता. कार्ल प्रयोग करतच राहिले. १८९१ साली ९९ भाग थोरियम आणि १ भाग सेरियम यांच्या ऑक्साइडांचे मिश्रण जमले. नुसत्या थोरियमचा उजेड फार कमी पडतो. एवढुसा सेरियम, पण सगळी कमाल त्याची! मग ही जाळी देशोदेशी गेली.

तेच आपल्या गॅसबत्तीचे मँटल. पूर्वी वरातीत अशा बत्त्या डोक्यावर घेऊन चालायचे. आमच्या आजोबांकडे एक जुनी आहे. जळालेल्या मँटलला ते बोट लावू देत नाहीत, लगेच भुगा होतो.

४ ऑगस्ट १९२९ रोजी कार्ल वारले. आताच्या पांढऱ्या एलईडी दिव्यात आत निळा उजेड असतो. वरची पिवळी पूड त्यातला थोडा पिवळा करते, म्हणून दिवा पांढरा दिसतो. त्या पुडीतही बहुतेक वेळा चिमूटभर सेरियम असतो.