तारकांचे तेज पारखणारे अब्दुर्रहमान अस-सूफी

मुलीचे नाव सुरैय्या आणि मुलाचे नाव सुहैल ठेवण्याची प्रथा आपल्या घराण्यांत जुनी आहे. ही दोन्ही नावे आकाशातील आहेत. सुरैय्या म्हणजे मराठीत ज्याला कृत्तिका म्हणतात तो तारकांचा पुंजका, आणि सुहैल म्हणजे हिवाळ्याच्या रात्री दक्षिणेकडे झळकणारा अगस्त्य. नावे घरोघरी आहेत. पण अंगणात उभे राहून तो तारा बोटाने दाखवा म्हटले, तर किती जणांना दाखवता येईल? आज ज्यांचे चरित्र आपणांपुढे ठेवायचे आहे, त्या अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी नेमक्या याच कामी आयुष्य वेचले. पुस्तकात लिहिलेला तारा आकाशात शोधायचा, तो किती तेजस्वी आहे हे ठरवायचे, त्याचा रंग नोंदायचा, आणि पुस्तक व आकाश यांत तफावत आढळली तर आकाशाची साक्ष ग्राह्य धरायची.

अबुल हुसैन अब्दुर्रहमान इब्न उमर अस-सूफी यांचा जन्म १४ मुहर्रम २९१ हिजरी, म्हणजे ७ डिसेंबर ९०३ रोजी, आजच्या तेहरानजवळच्या रय या शहरी झाला. त्या काळी खगोलविद्येचा आधारग्रंथ होता ग्रीक पंडित बतलीमूस याचा अल-मजिस्ती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रचलेल्या या ग्रंथाची अरबी भाषांतरे झाली होती. त्यात ४८ राशी-आकृतींत विभागलेल्या एक हजाराहून अधिक ताऱ्यांची यादी होती आणि प्रत्येक ताऱ्यापुढे त्याच्या तेजाची प्रत लिहिलेली होती. सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. आठशे वर्षे उलटली तरी बहुतेक विद्वान ही यादी जशीच्या तशी उतरवून घेत होते.

दुसरी परंपरा वाळवंटातील अरबांची होती. उंट हाकणारे, पावसाची वाट पाहणारे आणि रात्रीचा प्रवास ताऱ्यांच्या आधारे करणारे हे लोक. त्यांची नावे निराळी, आकृत्याही निराळ्या. ग्रीकांना जिथे साखळदंडात जखडलेली स्त्री दिसे, तिथे अरबांना मासा दिसे. या परंपरेवरील सर्वोत्तम ग्रंथ अबू हनीफा दीनवरी यांचा मानला जाई (हे फिक्हचे इमाम अबू हनीफा नव्हेत, ते वेगळे). अस-सूफी ३३५ हिजरीत दीनवरला गेले आणि ज्या ठिकाणाहून दीनवरी आकाश पाहात असत, ते त्यांनी पाहिले. त्यांच्या ग्रंथाची त्यांनी मोकळ्या मनाने प्रशंसा केली. परंतु त्यातील पुष्कळशी माहिती ऐकीव आणि जुन्या पुस्तकांवरून घेतलेली दिसते, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिले. खगोल-गोल बनविणाऱ्या कारागिरांविषयीही त्यांची तक्रार हीच होती. हे लोक कोष्टकांतील आकडे पाहून गोलावर ठिपके उमटवीत, पण ठिपका आणि तारा यांची गाठ कधी घालून देत नसत.

या काळात फारिसवर बुवैही घराण्याच्या अझुद-उद-दौलाचे राज्य होते. शिराझच्या या सत्ताधीशाला विद्येची ओढ होती. व्याकरण, ग्रहगणित आणि स्थिर तारे या तीन विषयांतील आपल्या तीन उस्तादांचा तो अभिमानाने उल्लेख करी, असे इतिहासकार इब्न अल-किफ्ती यांनी नोंदविले आहे. त्यांतील ताऱ्यांचे उस्ताद म्हणजे अस-सूफी. त्याच्याच आश्रयाने सुमारे ९६४ साली त्यांनी किताब सुवर अल-कवाकिब अस-साबिता, अर्थात स्थिर ताऱ्यांच्या आकृत्यांचा ग्रंथ, पूर्ण केला.

या ग्रंथाची रचना समजून घेण्याजोगी आहे. प्रत्येक आकृतीसाठी प्रथम एकेका ताऱ्याची चर्चा: बतलीमूसने काय म्हटले आणि प्रत्यक्षात काय दिसते. मग त्याच भागातील अरबी नावे. पुढे दोन चित्रे, एक आकाशात दिसते तसे, दुसरे गोलावर दिसते तसे. गोलाकडे आपण बाहेरून पाहतो आणि आकाशाकडे आतून, त्यामुळे डावे-उजवे उलटते. नवख्याची फसगत होऊ नये म्हणून हा दुहेरी खटाटोप. शेवटी ताऱ्यांची स्थाने आणि प्रती यांचे कोष्टक.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे प्रामाणिकपणाचे होईल. ताऱ्यांची स्थाने अस-सूफींनी नव्याने मोजली नाहीत. बतलीमूसच्या रेखांशांत त्यांनी सरसकट १२ अंश ४२ कला मिळविल्या, कारण ६६ वर्षांत तारे एक अंश सरकतात असे तेव्हा मानले जाई. (बतलीमूसने हे मान १०० वर्षे धरले होते, खरे मान सुमारे ७२ वर्षे आहे.) त्यांचे स्वतःचे, अस्सल कार्य तेजाच्या मोजणीत आहे. आता आपण विचार करा, दुर्बीण नाही, प्रकाश मोजणारे यंत्र नाही, छायाचित्र नाही. केवळ डोळा आहे. तेज मोजायचे म्हणजे एका ताऱ्याशेजारी दुसरा धरून तुलना करायची. चंद्र असेल तर अंधुक तारे लोपतात. क्षितिजाजवळचा तारा हवेच्या जाड थरातून दिसतो म्हणून फिका पडतो. त्याची तुलना माथ्यावरच्या ताऱ्याशी करून चालत नाही. हे सर्व सांभाळीत त्यांनी यादीतील ताऱ्यांची पुन्हा पारख केली. दोन प्रतींच्या मधल्या ताऱ्यांसाठी त्यांनी थोडा मोठा, थोडा लहान अशा बारीक पायऱ्या वापरल्या. बतलीमूसने अशा पायऱ्या क्वचितच दिल्या होत्या. शिवाय त्याच्या यादीत नसलेल्या शंभराहून अधिक ताऱ्यांचाही त्यांनी उल्लेख केला. एकोणिसाव्या शतकापासून युरोपातील आणि पुढे जपानमधील संशोधकांनी ही कोष्टके आधुनिक मापनांशी ताडून पाहिली. हजार वर्षांत एखाद्या ताऱ्याचे तेज बदलले काय, हे तपासण्यासाठी आजही त्यांचा उपयोग होतो.

सप्तर्षींच्या शेपटीतील मधल्या ताऱ्याशेजारचा अंधुक तारा आपण पाहिला असेल. हिंदू बांधवांच्या विवाहात वधूला जी अरुंधती दाखवितात, तीच अरबांची सुहा. लोक आपल्या दृष्टीची परीक्षा सुहावर घेतात, ही माहिती अस-सूफींच्या ग्रंथात आहे. त्यांचे सारे शास्त्र याच परीक्षेचा विस्तार होता, असे म्हटले तर चूक होणार नाही.

रंगांच्या बाबतीतही त्यांनी जुने प्रमाण डोळे मिटून स्वीकारले नाही. बतलीमूसने व्याधाच्या ताऱ्याला, म्हणजेच अश-शिअराला, तांबूस म्हटले होते. सूरह अन-नज्ममध्ये ज्याचा नावाने उल्लेख आला आहे तो हाच तारा. तो शुभ्र-निळसर आहे, हे आपण आजही पाहू शकता. अस-सूफींनी त्याच्या वर्णनातून तांबडेपणा वगळला. पण ययातीच्या आकृतीतील अल-गूल या ताऱ्याला त्यांनी तांबडा म्हटले, आणि तो आज तांबडा दिसत नाही. या नोंदीवर विद्वानांचा वाद अद्याप मिटलेला नाही. मला ही नोंद मोलाची वाटते. जे लिहिले ते तपासता येईल अशा रीतीने लिहिले, म्हणूनच हजार वर्षांनी त्यावर वाद घालता येतो.

आता त्या नोंदीकडे येऊ, जिच्यामुळे त्यांचे नाव जगभर घेतले जाते. देवयानीच्या आकृतीत, अरबांच्या माशाच्या तोंडाशी, एक ढगासारखा डाग असल्याचे त्यांनी लिहिले आणि चित्रात ठिपक्यांनी तो दाखविला. तो डाग म्हणजे देवयानी दीर्घिका, आपल्या आकाशगंगेबाहेरील ताऱ्यांचे एक अफाट विश्व. तिच्याविषयीची आज उपलब्ध असलेली ही सर्वांत जुनी लेखी नोंद मानली जाते. दक्षिण आकाशातील एका तारकागुच्छाचा धूसर ठिपका आणि शर या छोट्या आकृतीजवळचा आणखी एक धूसर पुंजका त्यांनी टिपला; हा दुसरा पुंजका आजही अस-सूफींचा गुच्छ या नावाने ओळखला जातो.

वाचकहो, येथे थोडे थांबू. आपल्या मोबाइलवर रोज असा मजकूर येतो की अमुक शोध मुसलमानांनी हजार वर्षांपूर्वीच लावला होता. अस-सूफींनी दीर्घिकांचा शोध लावला, हेही त्यात असते. हे विधान पुढे पाठविण्यापूर्वी त्यांनी काय केले ते पाहा. त्या डागाच्या शोधाचा दावा त्यांनी केला नाही. तो दिसतो, कुठे दिसतो आणि कसा दिसतो, एवढेच लिहिले. ती स्वतंत्र दीर्घिका आहे हे १९२०च्या दशकात एडविन हबल यांनी तिच्यातील ताऱ्यांच्या बदलत्या तेजावरून तिचे अंतर काढले तेव्हा सिद्ध झाले. अस-सूफींची थोरवी त्यांच्या नावावर नसलेले श्रेय चढवून वाढत नाही. ऐकीव गोष्ट तपासल्याविना पुढे सांगणाऱ्यांविषयी त्यांची नाराजी आपण वर वाचलीच आहे. सूरह अल-मुल्कमध्ये आकाशाकडे एकदा आणि पुन्हा एकदा दृष्टी वळविण्याचे जे आवाहन आहे, त्याचा अर्थ या माणसाने रात्रीमागून रात्र आचरणात आणला.

आपल्या भागाशी या विद्येचा संबंध काय, असा प्रश्न मनात येईल. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, हे निजामशाहीच्या राजधानीचे शहर. इतिहासकार फिरिश्ता, ज्याचे तारुण्य याच शहरी गेले, त्याने एक हकिकत दिली आहे. बुरहान निजामशहाने आपले उस्ताद पीर मुहम्मद यांना कामानिमित्त परांड्याच्या किल्ल्यात पाठविले. तेथे इराणहून आलेले विद्वान शाह ताहिर राहात होते. त्यांची विद्वत्ता पाहून पीर मुहम्मद तेथेच रमले आणि वर्षभर त्यांच्यापाशी अल-मजिस्तीचे अध्ययन करीत राहिले. परतल्यावर त्यांनी केलेली स्तुती ऐकून बुरहानने १५२२ साली शाह ताहिर यांना अहमदनगरला बोलावून घेतले. पुढे त्यांच्या पंथावरून मोठी खळबळ झाली, तो विषय येथे नको. उस्तादपदी पोहोचलेला माणूस वर्षभर शिष्य होऊन बसला, आणि ज्या ग्रंथातील ताऱ्यांची अस-सूफींनी फेरतपासणी केली तोच ग्रंथ परांड्याच्या किल्ल्यात उलगडला गेला, एवढे ध्यानी घ्यावे.

आज तेजाची मोजणी कशी होते? प्रतीची पायरी १८५६ साली पॉगसन यांनी गणिताने पक्की केली: पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट फरक. पहिली, दुसरी, तिसरी हे शब्द मात्र तेच राहिले. निजामशाहीचे पहिले ठाणे जे जुन्नर, त्याच टापूत पुण्याहून सुमारे ८० किलोमीटरवर गिरवली येथे आयुका संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे. अशा दुर्बिणीवर एकच तारकागुच्छ आधी निळ्या गाळणीतून आणि मग हिरवट-पिवळ्या गाळणीतून टिपतात. दोन प्रतींची वजाबाकी म्हणजे रंगाचा आकडा. या आकड्यांवरून गुच्छाचे वय कळते. निळसर, तेजस्वी तारे इंधन लवकर संपवितात. ज्या गुच्छात ते अजून आहेत तो तरुण, ज्यात पिवळे-तांबूस तारे उरले तो वृद्ध. कृत्तिका सुमारे दहा कोटी वर्षांच्या. कर्क राशीतील पुष्याचा धूसर गुच्छ त्यांच्याहून कितीतरी जुना. दीर्घिकेचे तेज मोजणे अधिक अवघड, कारण तिची कड आकाशाच्या उजेडात विरघळते. एक सीमा आखून आतील सर्व प्रकाश मोजावा लागतो आणि त्यातून आकाशाचा स्वतःचा उजेड वजा करावा लागतो. देवयानीचे एकूण तेज ३.४ प्रतीचे भरते. एवढ्या प्रतीचा तारा सहज दिसतो, पण हिचा प्रकाश चंद्रबिंबाच्या सहापट रुंदीवर पसरलेला, म्हणून डोळ्याला केवळ मधला धूसर भाग जाणवतो. अस-सूफींना जाणवला तोही तोच.

ग्रंथानंतरही त्यांचे काम थांबले नाही. शिराझमध्ये मोठ्या धातूच्या कड्याच्या साहाय्याने त्यांनी सूर्याचे वेध घेतले, अस्तुरलाबावर ग्रंथ लिहिला, आणि अझुद-उद-दौलासाठी चांदीचा खगोल-गोल घडविला. तीन हजार दिरहम वजनाचा तो गोल ४३५ हिजरीत कैरोच्या ग्रंथालयात होता. १३ मुहर्रम ३७६ हिजरी, २५ मे ९८६ रोजी शिराझ येथे त्यांचे निधन झाले; हिजरी गणनेने त्यांचे वय ८५ होते. ग्रंथाची एक अतिशय जुनी सचित्र प्रत ऑक्सफर्डला आहे. ती त्यांच्या मुलाच्या हातची असल्याचे परंपरेने मानले जाते. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तूसी यांनी ग्रंथाचा फारसी अनुवाद केला. समरकंदच्या उलुग बेग यांनी तारे नव्याने मोजले, पण जे दक्षिणेचे तारे समरकंदहून दिसत नव्हते ते अस-सूफींच्या ग्रंथावरून घेतले.

त्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. अहिल्यानगर शिराझच्या बरेच दक्षिणेस असल्याने सुहैल आणि त्याच्या आसपासचे तारे इथे शिराझपेक्षा सुमारे दहा अंश अधिक उंच चढतात. माशाच्या तोंडाचा डाग पाहायचा असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमधील अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. भंडारदरा किंवा हरिश्चंद्रगडाच्या परिसरात, अकोले तालुक्यात, जिथे दिव्यांचा उजेड कमी आहे तिथे इशानंतर मुलांना घेऊन उभे राहा. डोळे अंधाराला सरावण्यास वीस मिनिटे द्या. उत्तरेकडे इंग्रजी एम अक्षरासारखी शर्मिष्ठा दिसेल. तिच्या अधिक टोकदार कोनाचा बाण धरून माथ्याच्या दिशेने पुढे गेलात की पुसट डाग आढळेल. थेट रोखून पाहू नका, किंचित बाजूला पाहा. अंधुक प्रकाश डोळ्याच्या कडेला अधिक चांगला उमटतो. तो प्रकाश तेथून निघाला त्याला सुमारे २५ लाख वर्षे झाली.