रॉबर्ट बार्टलेट
रॉबर्ट अब्राम बार्टलेट (१५ ऑगस्ट, १८७५:ब्रिगस, न्यूफाउंडलंड - २८ एप्रिल, १९४६:न्यू यॉर्क) हे न्यूफाउंडलंडमध्ये जन्मलेले अमेरिकन दर्यावर्दी होते. आर्क्टिक महासागरातील मोहिमांसाठी आणि एफी एम. मॉरिसी या शिडाच्या जहाजाचे कप्तान म्हणून ते ओळखले जातात.

सुरुवातीच्या मोहिमा
बार्टलेट यांचे घराणे दर्यावर्दींचे होते. रॉबर्ट पिअरी यांच्या उत्तर ध्रुव मोहिमांत ते रूझवेल्ट या जहाजाचे कप्तान होते. १९०९मध्ये बर्फावरून वाट काढत ते सुमारे ८७° ४८' उत्तर अक्षांशापर्यंत पोचले. तेथून पिअरींनी त्यांना परत पाठवले.

कार्लुकची दुर्घटना
१९१३च्या कॅनडियन आर्क्टिक मोहिमेत त्यांच्या ताब्यातील कार्लुक हे जहाज बर्फात अडकले आणि जानेवारी १९१४मध्ये बुडाले. उरलेल्या लोकांना रँगेल बेटावर ठेवून बार्टलेट व काताक्तोविक हा इनुपियात शिकारी मदत मिळवण्यासाठी निघाले. गोठलेला समुद्र ओलांडून व सायबेरियाच्या किनाऱ्याने चालत त्यांनी सुमारे १,१०० किमी अंतर कापले. सप्टेंबरमध्ये बेटावरील लोकांची सुटका झाली. जहाजावरील २५ जणांपैकी ११ जण या दुर्घटनेत मरण पावले. नंतरच्या चौकशीत जहाज बर्फात नेल्याबद्दल बार्टलेट यांना दोष देण्यात आला.

एफी एम. मॉरिसी
मॉरिसी ही दोन डोलकाठ्यांची लाकडी स्कूनर १८९४मध्ये मॅसेच्युसेट्समधील एसेक्स येथे मासेमारीसाठी बांधली गेली. बार्टलेट यांनी १९२५मध्ये ती घेतली आणि तिच्यावर इंजिन बसवले. १९२६पासून जवळजवळ दरवर्षी उन्हाळ्यात ते तिला उत्तरेकडे नेत. संग्रहालयांसाठी प्राणी, वनस्पती व पुरातन वस्तू गोळा करणारे संशोधक तिच्यावर असत. पैसे भरून आलेले तरुण खलाशांबरोबर काम करीत. १९४०मध्ये ती ८०° उत्तर अक्षांशापलीकडे गेली. दुसऱ्या महायुद्धात तिने अमेरिकन सरकारसाठी सर्वेक्षण व रसदपुरवठ्याचे काम केले. अखेरपर्यंत बार्टलेट तिचे कप्तान होते.

मृत्यूनंतर
बार्टलेट न्यूमोनियाने मरण पावले. पुढे जहाजाला आग लागून ते बुडाले. मात्र वर काढून दुरुस्त केल्यावर केप व्हर्देमध्ये अर्नेस्टिना या नावाने त्याने अटलांटिकपार माल व प्रवाशांची वाहतूक केली. १९८२मध्ये केप व्हर्देने ते अमेरिकेस भेट दिले. १९९०मध्ये त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.