मारायची गरज काय होती?

सामना अटीतटीचा असावा, जिंकायला तीस-चाळीस धावा हव्या असाव्यात, आणि नेमका जम बसलेला फलंदाज उंच फटका मारायला जाऊन सीमारेषेवर झेल देऊन बसावा. पुढचा क्षण महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत सारखाच असतो. हातातला चहाचा कप खाली ठेवला जातो, कपाळावर हात जातो आणि एकच प्रश्न उमटतो, मारायची गरज काय होती? आमच्या घरी हा प्रश्न आधी वडील विचारीत, पुढे मी विचारू लागलो आणि आता नऊ वर्षांचा नातूही विचारतो. तोच चेंडू दोन हात पुढे पडून षटकार झाला असता, तर आम्ही त्याच फलंदाजाला वाघ म्हटले असते. हे मात्र आम्ही तिघेही सोयीस्करपणे विसरतो.

या प्रश्नाने मला जरा जास्तच छळले आहे, त्याला कारण माझी नोकरी. आयुष्यातली तीस वर्षे मी बँकेत काढली आणि त्यातली बरीचशी कर्जप्रकरणे तपासण्यात गेली. धोका किती घ्यायचा हे ठरवायचा मला पगार मिळत असे. त्या नोकरीतल्या एका कडू प्रसंगानंतर मला एक माणूस भेटला. भेटला म्हणजे पुस्तकात. तो माझ्या जन्माआधीच गेला होता. नव्वदच्या दशकात पुण्याला बदली झाली, तेव्हा ब्रिटिश कौन्सिलच्या ग्रंथालयात कादंबऱ्या शोधता शोधता मी क्रिकेटच्या कपाटापाशी थबकलो आणि गिल्बर्ट जेसपच्या गोष्टीत अडकलो तो आजतागायत.

जेसपचा जन्म १९ मे १८७४ चा, इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम गावचा. वडील डॉक्टर, घरात मुलांचे लेंढार. गिल्बर्ट पंधरा-सोळा वर्षांचा असतानाच वडील गेले आणि त्याची शाळा सुटली. पोटासाठी तो स्वतःच मास्तर झाला. लहान-मोठ्या शाळांत शिकवावे आणि त्या शाळांकडून क्रिकेट खेळावे, असा त्याचा क्रम होता. १८९६ साली तो केंब्रिजला गेला, तो धर्मोपदेशक व्हायचे मनात धरून. धर्मोपदेशक तो झाला नाहीच, पदवीही न घेता बाहेर पडला. चार वर्षे विद्यापीठाच्या संघात खेळला आणि शेवटच्या वर्षी कर्णधार झाला, एवढीच त्याची तिथली कमाई. पुढच्याच वर्षी, १९०० साली, ग्लॉस्टरशायरचे कर्णधारपद त्याच्याकडे आले. डब्ल्यू. जी. ग्रेस या वटवृक्षाची ज्या मैदानावर वर्षानुवर्षे सावली होती, तिथे उभे राहायचे म्हणजे गंमत नव्हती.

दिसायला हा गडी काही भीमसेन नव्हता. उंची जेमतेम पाच फूट सात इंच. फलंदाजीला उभा राहिला की इतका वाकून उभा राही, की लोकांनी त्याचे नावच दबा धरून बसणारा असे पाडले होते. मांजर झेप घेण्यापूर्वी बसते, तसा. आणि मग खरोखरच झेप. गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटतो न सुटतो तोच हा पुढे सरसावलेला असे. १८९७ मध्ये यॉर्कशायरसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध त्याने चाळीस मिनिटांत शतक ठोकले. १९०३ मध्ये ससेक्सविरुद्ध २८६ धावा केल्या, त्याही तीन तासांना पाच मिनिटे कमी असताना. एवढे असून तो जलद गोलंदाज होता आणि क्षेत्ररक्षणात त्याच्या हाती चेंडू गेला की फलंदाज धाव काढायला कचरत.

पण खरी कहाणी १९०२ सालच्या उन्हाळ्याची आहे. जो डार्लिंगचा ऑस्ट्रेलियन संघ इंग्लंडमध्ये आला होता. चौथी कसोटी मँचेस्टरला होती आणि तिच्यासाठी निवड समितीने जेसपला वगळले. इंग्लंडला जिंकायला १२४ धावा हव्या होत्या. ३ बाद ९२ पर्यंत सगळे सुरळीत होते. उरल्या फक्त बत्तीस. तिथून पुढे मात्र जणू सगळ्यांचे हातपाय गळाले. आपले रणजितसिंहजी त्या संघात होते, तेही लवकर बाद झाले. शेवटचा फलंदाज फ्रेड टेट मैदानात आला तेव्हा आठ धावा हव्या होत्या. त्याने एक चौकार मारला आणि मग त्याचा त्रिफळा उडाला. इंग्लंड तीन धावांनी हरले आणि मालिकाही गेली. टेटला पुन्हा कसोटी मिळाली नाही. मला त्या पराभवात एक गोष्ट दिसते. इंग्लंडचे गडी मारून बाद झाले तसे जपून खेळतानाही बाद झाले. ओल्या खेळपट्टीवर जपून खेळणे हाही एक धोकाच असतो. तो फक्त दिसत नाही.

सुमारे अडीच आठवड्यांनी ओव्हलवर शेवटची कसोटी झाली. मालिका हातची गेली होती, अब्रूचाच प्रश्न होता. रणजी वगळले गेले, जेसप परत आला. पहिल्या डावात त्याने १३ धावा केल्या. १३ ऑगस्ट हा सामन्याचा शेवटचा दिवस. पावसाने खेळपट्टी बिघडलेली, आणि इंग्लंडला जिंकायला २६३ धावा हव्या होत्या. त्या खेळपट्टीवर ह्यू ट्रंबल नावाचा उंचापुरा फिरकी गोलंदाज म्हणजे साक्षात काळ होता. पहिल्या डावात त्याने आठ गडी घेतले होते. दहा धावांत तीन गडी गेले, एकतीसवर चौथा, अठ्ठेचाळीसवर पाचवा. आणि जेसप वाकून उभा राहिला.

आता तुम्ही-आम्ही त्याच्या जागी आहोत असे समजा. २१५ धावा हव्यात, पाच गडी उरलेत, समोर एकच भरवशाचा साथीदार आहे स्टॅन्ली जॅक्सन. घरातली वडीलधारी मंडळी काय सांगतील? डोके शांत ठेव, चेंडू पाहून खेळ, उपाहारापर्यंत तग धर. सल्ला चुकीचा नाही. पण तो चांगल्या खेळपट्टीचा सल्ला आहे. इथे न खेळता येणारा चेंडू केव्हातरी येणारच होता. प्रश्न एवढाच होता, की तो येईपर्यंत फळ्यावर किती धावा लागलेल्या असतील? तासभर तग धरून वीस धावा झाल्या असत्या तर सामना हरलाच होता, फक्त थोडा उशिरा. जेसपच्या मनात काय होते ते मला ठाऊक नाही. पण कागदावर हिशेब मांडला तर मारणे हाच त्यातला कमी धोक्याचा मार्ग दिसतो. शिवाय मारणाऱ्यासाठी क्षेत्ररक्षक सीमेवर पाठवावे लागतात, फलंदाजाभोवतीचा वेढा ढिला होतो आणि गोलंदाजाचा टप्पाही डळमळू लागतो.

त्याने मारले. विशीत असताना यष्टिरक्षक केलीकडून त्याला यष्टिचीत करायची संधी हुकली. थोड्याच वेळात व्हिक्टर ट्रंपरसारख्या कसलेल्या क्षेत्ररक्षकाच्या हातून सीमेजवळ झेल सुटला. म्हणजे नशीब दोनदा धावून आले, हे लपवायचे कारण नाही. उपाहाराला धावसंख्या ५ बाद ८७ होती. त्यानंतर मात्र जे झाले ते पाहणाऱ्यांनी जन्मभर सांगितले. सॉन्डर्स या डावऱ्या गोलंदाजाला त्याने सळो की पळो करून सोडले. ट्रंबलला पुढे सरसावून पॅव्हेलियनकडे भिरकावले. त्या काळी चेंडू मैदानाच्याच बाहेर गेला तर सहा धावा मिळत. नुसता सीमारेषेवरून प्रेक्षकांत पडला तर चारच. आजच्या नियमांनी त्याच्या धावा आणखी वाढल्या असत्या. जॅक्सन ४९ धावांवर बाद झाला तेव्हा दोघांची १०९ धावांची भागी झाली होती. पंचाहत्तर मिनिटांत जेसपचे शतक लागले. नंतरच्या संशोधकांनी जुने कागद धुंडाळून ते ७६ चेंडूंचे असल्याचे काढले. २०२२ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध, अशाच पाठलागात, जॉनी बेअरस्टोने इंग्लंडसाठी ७७ चेंडूंत शतक केले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा विक्रम एका चेंडूने वाचला.

१०४ धावांवर जेसप झेल देऊन बाद झाला, आणि इथे मी वाचताना पुस्तक मिटून बसलो होतो. कारण तो बाद झाला तेव्हा धावसंख्या ७ बाद १८७ होती. अजून ७६ धावा हव्या होत्या! सामना जिंकलेला नव्हता. जॉर्ज हर्स्ट एका बाजूने खंबीरपणे उभा राहिला. नववा गडी २४८ वर बाद झाला आणि विल्फ्रेड ऱ्होड्स आला, तेव्हा पंधरा धावा बाकी होत्या. त्या दोघांनी एकेक धाव घेऊनच त्या काढायचे ठरवले, अशी आख्यायिका आहे. ऱ्होड्सने पुढे ती नाकारली. काहीही असो, त्या निघाल्या. हर्स्ट नाबाद ५८, ऱ्होड्स नाबाद ६, आणि इंग्लंड एक गडी राखून विजयी. बारा बळी घेऊनही ट्रंबल हरला.

समजा, ऱ्होड्सचाही टेट झाला असता तर? जेसपच्या खेळीतला एक फटकाही बदलला नसता, पण दुसऱ्या दिवशी लोकांनी काय म्हटले असते? शतक झाल्यावर मारायची गरज काय होती, हेच.

आता तो कडू प्रसंग सांगतो. १९८९ च्या सुमारास मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. एकाच महिन्यात मी कुक्कुटपालनाची दोन कर्जे मंजूर केली. दोघेही तरुण शेतकरी, दोघांचे प्रशिक्षण सारखे, तारण सारखे, पक्ष्यांची संख्याही सारखी. पुढच्या वर्षी एकाच्या भागात मानमोडीची साथ आली आणि त्याची शेड आठवड्यात रिकामी झाली. दुसऱ्याची शेड नदीपलीकडे होती, ती वाचली. तपासणीला आलेल्या साहेबांनी पहिल्या प्रकरणावर मंजुरी बेजबाबदार असल्याचा शेरा मारला. दुसऱ्या प्रकरणासाठी बैठकीत माझे कौतुक झाले. दोन्ही फायलींवर सही माझीच, आणि दोन्हींचा हिशेब एकाच पेन्सिलीने केलेला.

त्या शेऱ्याने मी घाबरलो. पुढची दोन-तीन वर्षे जरा वेगळे प्रकरण दिसले की मी ते परत पाठवीत असे. गंमत अशी, की त्याबद्दल मला कोणी कधी विचारले नाही. न दिलेल्या कर्जाची तपासणी होत नाही. ज्यांना मी रिकाम्या हाताने परत पाठवले, त्यांचे पुढे काय झाले हे कुठल्याही वहीत नाही. चाळीस चेंडू अडवून बारा धावांवर बाद होणाऱ्या फलंदाजालाही आपण कुठे काही विचारतो? चेंडू चांगला होता म्हणतो आणि चहाचा कप उचलतो. जेसप वाचल्यावर मी पुन्हा फाइल नीट उघडून पाहू लागलो. सगळीच मंजूर केली असे नाही, पण भीतीपोटी परत पाठवणे थांबवले.

जेसपला देव करायचे मात्र कारण नाही. १८ कसोटींत त्याच्या ५६९ धावा, सरासरी २१.८८. ओव्हलचे ते शतक हे त्याचे एकमेव कसोटी शतक. १९०७ मध्ये लॉर्ड्सवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तो ९३ वर बाद झाला, तेही मारतानाच. जी पद्धत त्या दिवशी तारून गेली, तिने इतर अनेक दिवशी त्याला तंबूत परत पाठवले. ही किंमत त्याने आयुष्यभर मोजली. पण प्रथम श्रेणीच्या सामन्यांत २६ हजारांवर धावा आणि ५३ शतके निव्वळ नशिबाने होत नाहीत. धोका घेणाऱ्याचा हिशेब एका डावाने मांडू नये, हे या आकड्यांवरून मला पटले.

त्याच १९०२ साली त्याचे लग्न झाले, आणि तेही एका ऑस्ट्रेलियन मुलीशी! आधीच्या हिवाळ्यातल्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याहून परतताना बोटीवर त्यांची ओळख झाली होती. पुढे पाठीच्या दुखण्याने त्याला सतावले. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात गेला, आणि पाठीवरच्या उष्णतेच्या उपचारांत त्याच्या हृदयाला कायमची इजा झाली. ज्याच्या पायांत विजेची चपळाई होती, त्याला बेचाळिसाव्या वर्षापासून धावणे वर्ज्य झाले. त्यानंतर तो जवळजवळ चाळीस वर्षे जगला, लिहिता राहिला. वडिलांनी सोडलेली धर्मोपदेशकाची वाट मुलाने धरली, आणि त्या मुलाच्याच घरी, डॉर्सेटमध्ये, ११ मे १९५५ रोजी जेसपने डोळे मिटले.

परवा घरी पुन्हा तसाच सामना रंगला होता. फलंदाज उंच मारून बाद झाला आणि नातवाने कपाळावर हात मारला. मी त्याला म्हटले, थांब, आधी सांग, धावा किती हव्या होत्या, चेंडू किती उरले होते, पुढे खेळायला कोण होते? त्याने बोटे मोजली, पडद्यावरचे आकडे पाहिले आणि जरा वेळाने कबूल केले, की मारायलाच हवे होते. मग मात्र त्याने मलाच विचारले, की तसे असेल तर आजोबा, तुम्ही का ओरडलात?