समजून घ्या : कस्तुरबांचा श्वासाचा आजार आणि सेवाग्रामचे रुग्णालय

वर्धा : सेवाग्रामच्या रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे, त्या कस्तुरबा गांधी श्वासाच्या जुन्या आजाराशी झगडतच गेल्या.

कोण होत्या कस्तुरबा?
१८६९ मध्ये पोरबंदरला जन्म. १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहात त्यांनी तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगली. पुढे सेवाग्राम आश्रमात राहिल्या. तेथील ‘बा कुटी’ आजही पाहता येते. श्वासनलिकांच्या जुनाट दाहाचा त्रास मात्र त्यांना सतत होता.

शेवटच्या दिवसांत काय झाले?
९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांना ठेवण्यात आले. तेथे हृदयविकार बळावला, पाठोपाठ न्यूमोनिया झाला. सोबत डॉ. सुशीला नायर होत्या. मुलगा देवदास यांच्या आग्रहावरून कोलकात्याहून पेनिसिलिन मागवले गेले. दर काही तासांनी इंजेक्शन द्यावे लागेल, हे कळल्यावर गांधीजींनी अखेरच्या क्षणी हा त्रास नको, असे ठरवले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी महाशिवरात्रीला बांनी प्राण सोडला. या निर्णयावर आजही चर्चा होते.

आज डॉक्टर काय पाहतात?
न्यूमोनिया पुन्हा पुन्हा एकाच जागी होत असेल, तर श्वासनलिकांच्या फांद्यांची रचना सीटी स्कॅन किंवा दुर्बिणीने तपासली जाते. कस्तुरबांना असा दोष होता, असा याचा अर्थ नाही.

साधारणतः श्वासनळी खाली दोन फाट्यांत विभागते. काहींमध्ये जन्मतःच उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागाची फांदी थेट मुख्य नळीतून निघते. हे प्रमाण शंभरात दोनपर्यंत सांगितले जाते. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

नळी घालताना धोका कोणता?
- भूल देताना किंवा अतिदक्षता विभागात घातलेली नळी या फांदीचे तोंड बंद करू शकते. मग तेवढा भाग हवेविना आकसतो आणि रक्तातील ऑक्सिजन घटतो.
- नळी चुकून याच फांदीत शिरली, तर उरलेल्या फुप्फुसाला हवा कमी पडते.
- छाती ऐकून, दुर्बिणीने पाहून नळी थोडी वर ओढली की बहुधा प्रश्न सुटतो.
- आधीच्या स्कॅनमध्ये असा दोष दिसला असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना जरूर सांगावे.

नाव कसे उरले?
बांच्या निधनानंतर सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्राममध्ये महिला व मुलांसाठी १५ खाटांचे कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दी वर्षात, त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. गांधीजींएवढेच ते कस्तुरबांचेही जन्मशताब्दी वर्ष होते.