नकाराचे धैर्य : डॉ. रखमाबाई

विद्यार्थी मित्रांनो, सुरत आणि राजकोट आपल्या बडोद्याला परकी नाहीत. तेथे स्त्रियांवर उपचार करणाऱ्या डॉ. रखमाबाईंची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

त्यांचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. अकराव्या वर्षी लग्न लागले, पण त्या माहेरीच राहून शिकल्या. १८८४ मध्ये पती दादाजी भिकाजी यांनी दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. १८८७ मध्ये मात्र कोर्टाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असे बजावले. नकळत्या वयातले लग्न मान्य नाही, असे सांगून त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढच्याच वर्षी त्या वैद्यक शिकायला इंग्लंडला गेल्या. परतल्यावर सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.

स्त्री-पुरुषांच्या शरीरातला फरक डॉक्टर म्हणून त्या जाणत होत्या. पण त्या फरकामुळे स्त्रीचा निर्णय दुसऱ्याच्या हाती जात नाही, हे त्यांनी जगून दाखवले. आपल्या घरातल्या मुलीचा नकार आपण ऐकून घेतो का, हे आम्ही पालकांनी स्वतःला विचारायला हवे.