हातावरचा लाल फुगवटा

अ‍ॅलर्जी हा शब्द आपण सगळेच येताजाता वापरतो. तो १९०६ साली व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के या मुलांच्या डॉक्टरांनी घडवला. पण मी त्यांच्याबद्दल लिहितेय ते दुसऱ्याच कामासाठी.

त्यांचा जन्म १८७४ चा, व्हिएन्नाजवळच्या एका उमराव घराण्यातला. आधी इन्सब्रुकला ईश्वरविद्या शिकले, मग लूव्हेनला तत्त्वज्ञान, आणि ते सोडून डॉक्टरकीकडे वळले. १९०० मध्ये ग्राझला पदवी घेतली. आमच्या कॅथलिक घरांत असं वळण घेणाऱ्या मुलाबद्दल लोक अजूनही हळू आवाजात बोलतात. पिर्केंबद्दल वाचल्यापासून मला ते जास्तच खटकतं.

१९०७ मध्ये त्यांनी एक साधी चाचणी मांडली. मुलाच्या हातावर कॉखच्या ट्यूबरक्युलिनचा थेंब टाकायचा, तिथे हलकंसं खरचटायचं आणि एक-दोन दिवस थांबायचं. लाल फुगवटा आला, तर क्षयाचे जंतू शरीरात कधीतरी शिरलेत असं समजायचं. व्हिएन्नात तान्ह्या बाळांत हा फुगवटा क्वचित दिसे. वयाबरोबर प्रमाण वाढत जाई, आणि चौदाव्या वर्षापर्यंत गरीब वस्त्यांतल्या बहुतेक मुलांच्या हातावर तो उठे. यातली कितीतरी मुलं धडधाकट होती! म्हणजे लागण वेगळी आणि आजार वेगळा.

पुढे मांतू यांची सुईची चाचणी जास्त रुळली, पण मोजण्याची कल्पना टिकली. सहा वर्षांच्या मुलाला झालेली लागण फार तर सहा वर्षं जुनी असणार. म्हणून त्याच वयाची मुलं दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा तपासली, की फैलाव घटला की वाढला ते कळतं. दरवर्षी शंभरातल्या किती मुलांना नव्याने लागण होते, हेही काढता येतं. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने आपल्याकडे असेच सर्व्हे केले.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना उपाशी होतं. तिथल्या मुलांना जेवण पोचवण्याच्या अमेरिकन मदतकार्याची धुरा पिर्केंनी सांभाळली. फेब्रुवारी १९२९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने एकत्रच आयुष्य संपवलं. हे वाक्य गाळावं असं मनात आलं होतं. पण मग ते चरित्र राहिलं नसतं.

आजही एखाद्या मुलाच्या हातावर फुगवटा आला की शेजारीपाजारी त्याला दूर ठेवतात. खरं तर त्या मुलाला कुणाकडून तरी लागण झालेली असते. त्याच्या घरात कोण खोकतंय, ते आधी विचारायला हवं.